पाण्याच्या खुणेला नाव

"आता कशाला उघडता हो तो डबा? मोटर जळून दोन वर्षं झाली," दिंद्रुडच्या अंगदनं विचारलं.

गहिनीनाथ स्क्रू काढत राहिला. पंप आपोआप चालू-बंद करणारे डबे तो सिरसाळ्यात घरीच बनवायचा. चिपमधला प्रोग्राम तो असेंब्ली नावाच्या यंत्राच्या भाषेत लिहायचा, सोल्डरिंग त्याची बायको रोहिणी करायची. तपासलेल्या प्रत्येक सांध्यावर ती नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवायची.

अंगदची विहीर आटली तरी मोटर थांबली नाही, जळाली. तेव्हा याच गोठ्यासमोर गहिनीनाथ डबा न उघडताच म्हणाला होता, "हिचा सांधा सुटला असंल. ध्यान नसतं हिचं." रोहिणी शेजारीच होती. तिनं अंगदला हात जोडले. नंतर ठिपके ठेवणं तिनं सोडलं. मागच्या वर्षी काविळीनं ती गेली.

परवा जुना प्रोग्राम चाळताना चूक सापडली. प्रोग्रामला परत जिथं यायचं, तिथं खूण करावी लागते. मोठ्या जागेला नाव देतात, जवळच्या कामाला नुसता आकडा. तोच आकडा कितीदाही चालतो. 'मागचा एक' म्हटलं की मागचा सगळ्यात जवळचा एक. पाणी तपासायच्या जागेला गहिनीनाथनं 'एक' दिला होता. मग दर तपासणीनंतर जरा थांबावं म्हणून एकट्या अंगदच्या डब्यासाठी मधे चार ओळी घातल्या. त्यांनाही 'एक'च दिला. प्रोग्राम त्या मधल्या एकापाशीच फिरत बसला, पाण्याकडे परत गेलाच नाही.

"आहो, किती एक करता? पाण्याला तरी नाव द्या की," रोहिणी म्हणायची.

"तुला काय कळतंय त्यातलं."

झाकण निघालं. धुळीखाली सगळे ठिपके जागच्या जागी. एकही सांधा सुटला नव्हता.

"अंगदराव, चूक माझी व्हती. तिची न्हाई."

"जाऊ द्या हो. वैनी गेल्या, आता काय त्याचं?"

"तिनं तुमाला हात जोडलते."

अंगदनं वाकून ते ठिपके पाहिले. मग म्हणाला, "तवाच सांगायचं व्हतं राव."

गहिनीनाथनं नवी चिप बसवली, बोर्ड तिचाच ठेवला. प्रोग्राममध्ये त्या खुणेचं नाव आता 'पाणी' होतं. डबा अंगदच्या नव्या मोटरीला जोडला, ती चालू झाली. अंगदनं विहिरीतली, पाणी ओळखणारी तार पाण्याच्या वर ओढली.

"थांबली की!"

गहिनीनाथनं खिशातून रोहिणीची नेलपॉलिशची बाटली काढली. टोपण वाळून घट्ट बसलं होतं. त्यानं एकदा फिरवून पाहिलं, पण जोर लावला नाही.