सांध्यावर चढवलेली माती

"वहिनी, तुमची कलमं फुकट गेली! उद्या ती खोली रिकामी करा, क्रेट ठेवायचेत," असं म्हणत दिराने सुकलेलं टोमॅटोचं झाड पायरीवर आपटलं.

थोरल्या सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली रिकामी करा म्हणे! गेल्या हंगामात मातीतल्या बुरशीने अख्खा प्लॉट उभ्याउभ्या वाळवला, तेव्हा हा बहाद्दर डोक्याला हात लावून बसला होता. हिनेच अडगळीची खोली झाडून काढली. जंगली वांग्याच्या खुंटाला या बुरशीचा मर रोग लागत नाही, म्हणून त्यावर टोमॅटोचा शेंडा बांधून एकेक रोप तान्ह्या बाळासारखं जगवलं. ब्लेडने बोटं सोलवटून घेतली. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिने झाड उचललं, खोडावरची माती नखाने खरवडली. कलमाचा सांधा मातीखाली गाडलेला, आणि सांध्याच्या वर टोमॅटोला फुटलेल्या मुळ्यांचा झुपका! खुंटाला वळसा घालून बुरशीला थेट टोमॅटोत शिरायची वाट.

"भाऊजी, सांध्यावर माती कुणी चढवली?"

"मी नाही हं! बाबा रोज पहाटे भर देतात."

ती तशीच तरातरा शेतात गेली, दीर मागोमाग. सासरे उकिडवे बसून उरलेल्या हिरव्या ओळींना मन लावून माती लावत होते. "ये सूनबाई. तुझी रोपं फार नाजूक बघ. टोमॅटोला भर दिली की मुळ्या जास्त फुटतात."

"त्याच मुळ्यांनी घात केला!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सासऱ्यांच्या हातातलं खुरपं गळून पडलं. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"मला आधी सांगायचंस ना गं."

"सांगितलं नव्हतं? लावणीच्या दिवशी हात जोडून सांगितलं, सांधा मातीबाहेर ठेवा. तुम्ही म्हणालात, आता ही मला टोमॅटो लावायला शिकवणार! आणि सगळे खो खो हसलात. भाऊजी, तुम्ही तर पोट धरून हसलात!"

ती खाली बसली, पहिल्या झाडाची माती दोन्ही हातांनी ओढून काढली आणि सांध्यावरच्या मुळ्या पदराला बांधलेल्या ब्लेडने सपासप कापायला लागली. या ओळी अजून वाचण्यासारख्या होत्या.

सासरे चाचरत पुढे झाले. "दे, मी करतो. माझ्याच हातून झालंय."

"नको. माझ्या झाडांना हात लावू नका."

ते मागे सरकले. मातीने भरलेले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. तिला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. पण तिने वर पाहिलं नाही, पुढच्या झाडाची माती काढायला घेतली.