सखूच्या भाकरीची माती

मी शाडूच्या मातीचा गोळा बोलतोय, आणि मी चिडलोय.

क्षिप्रा परदेशातून कला-उपचार शिकून आली. तिला वाटलं होतं, मनाने मोडलेली माणसं येतील, माझ्यात हात घालतील, हळूहळू मोकळी होतील. सानपाड्यातल्या तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आल्या त्या पोरांच्या आया. "सर्टिफिकेट मिळेल ना?"

मोडलेली अशी एकटी सखू आली, जवळच्या पावणे गावातली. तिचा मुलगा हितेश कारखान्यातल्या स्फोटात गेला. तेव्हापासून तिने भाकरी थापली नव्हती. सून तिला दर मंगळवारी इथे आणून सोडायची.

तीन मंगळवार ती मला शिवलीही नाही. चौथ्या मंगळवारी तिने माझा लचका तोडला आणि तळहातावर घेतला. थाप, थाप, थाप.

"मालक बोलतो, चूक हितेशची," ती मला बडवत म्हणाली. "माज्या पोराची चूक?"

लागलं मला. पण मार खाता यावा म्हणूनच तर मी मऊ आहे.

भाकऱ्या झाल्यावर ती रडली, आणि मग चक्क हसली. "डब्याला तीन लागायच्या त्याला, मेल्याला. झाकून ठेव गो पोरी. पुढल्या टायमाला पुना थापीन."

दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव आले. माझ्यावरचं ओलं फडकं उचललं.

"शाडू आणून भाकऱ्या? अगं, रविवारी प्रदर्शन आहे, पाहुणे येणार. गणपती कर की! साचा मी देतो."

"काका, हा क्लास नाहीये. उपचार आहे."

"मग देवापेक्षा मोठा उपचार कुठला? आणि हॉल फुकट दिलाय आम्ही, विसरू नकोस."

हॉल जाईल या भीतीने क्षिप्राने भाकऱ्या मोडल्या, मला मळलं आणि साच्यात दाबलं. एवढं शिकून आलेली पोरगी!

मी देव झालो. लोक चपला काढून माझे फोटो काढू लागले. यांना देव चालतो, पण ऊर बडवणारी आई हॉलमध्ये चालत नाही!

मंगळवारी सखू आली. तिने मला हात जोडले. मग इकडेतिकडे बघितलं. "माजी भाकर कुठं हाय?"

क्षिप्राची नजर माझ्याकडे वळली. सखूला कळलं.

"आता देवाला कशी थापू मी?" तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षिप्रा पाण्याची बादली घेऊन आली. मधुकरराव धावले. "अगं, देव बुडवतेस?"

"प्राणप्रतिष्ठा केली होतीत का, काका? नाही ना? मग अजून मातीच आहे ती."

"हॉल मिळणार नाही पुन्हा!"

"ठेवा तुमच्याकडेच."

आता मी रिक्षात, तिच्या पायांशी, बादलीत विरघळतोय. सोंड गेली, मुकुट गेला. रिक्षा पावण्याला चाललीय. सखू, दार उघड. तुझा राग संपलेला नाही, माझाही नाही. पदरातून हात बाहेर काढ आणि थाप मला.