सतरा नंबरची झुडपं

सतरा नंबरच्या उतारावर गेल्या वर्षी चौकटीत जेमतेम एखादं झुडूप सापडायचं. यंदा पहिल्याच फेकीत पाच निघाली, दुसऱ्या फेकीत सहा. मोजणीबाईच्या कपाळाला आठी पडली.

खाणीतून उपसलेल्या मातीचे हे उतार पुन्हा मूळच्या रानझुडपांनी झाकायचे, असा करार होता. किती झाकले ते बघायला मीटरभराची लोखंडी चौकट मागे न बघता खांद्यावरून फेकायची आणि आत येईल ते मोजायचं. दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. नुसत्या टँकरवर बी असं फोफावतं होय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि संशय घ्यायचा तो कुणावर, तर सख्ख्या मामावर! उताराची राखण त्याच्याकडे होती. तीस वर्षं याच खाणीत सुरुंग लावले म्हणून सगळे त्याला सुरुंगमामा म्हणत. आता झाडं लावतोस काय, म्हणून कुणी चिडवलं की म्हणायचा, "ज्याने उडवलं त्यानेच भरायला नको?" वडिलांच्या मागे मोजणीबाईला त्यानेच शिकवलं होतं. पण गेला आठवडाभर तो ताडपत्रीने झाकलेली हातगाडी ढकलत पलीकडच्या डोंगराकडून यायचा आणि ही दिसली की वाट बदलायचा. विचारलं तर म्हणे, खत आहे. डोंगरावरून खत कोण आणतं?

तिने एक झुडूप उपटलं. ते सहज हातात आलं. उताराची माती राखाडी, मुळांना चिकटलेली मात्र लालभडक. अशी माती फक्त त्या न खणलेल्या डोंगरावर होती. तिला रडूच आलं, आणि रागही.

"मामा, ही कुठून आणलीस?"

मामाने टोपी काढून डोकं खाजवलं. "डोंगरावरून."

"धूळ फेकायला माझेच डोळे सापडले तुला? खाली सही माझी असते!"

"तुझ्या डोळ्यांत कशाला गं फेकू? डोंगरावर खुंट्या मारल्यात. तिथे खणणार आहेत. अशाच खुंट्या बघून जन्मभर सुरुंग लावलेत मी, मला कळत नाही? यंत्रं यायच्या आत जेवढी वाचतील तेवढी आणली."

ती ओशाळली. घरच्या माणसाला आपण चोर ठरवून मोकळे झालो होतो. तरी मनातली शंका काही गप्प बसेना.

"मग इथेच का लावलीस? एवढी जागा पडलीय."

"खाणीचा मुकादम म्हणाला. वाचवायचीच तर सतराला लाव, पाणी मी देतो. देवमाणूस! फक्त भाचीला एवढ्यात बोलू नकोस म्हणाला, नियमाची बाई आहे."

मोजणीबाईला मुकादमाचा डाव कळला. आठवडाभर आपण पाळत ठेवली, आणि तीही भलत्याच माणसावर.

"मामा, डोंगर खणायची परवानगी कधी मिळणार, ठाऊक आहे? सतरा नंबर मोजणीत पास झाला की."

मामा मटकन खाली बसला. त्याचा चेहरा तिला बघवेना.

"तुझी झुडपं वगळली तर उतार नापास होईल," ती म्हणाली. "डोंगर निदान वर्षभर तरी वाचेल. पण ती कुणी आणली तेही लिहावं लागेल. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. पण तुला ती वेगळी कशी ओळखू येणार? सगळी उपटून बघशील तर मरतील."

तो गुडघ्यांवर हात टेकत उठला. "हे माझं," एका झुडपाला बोट लावत म्हणाला. "हे माझं. हेही माझंच." ती मागोमाग कागदावर काट मारत निघाली. वर पोचेपर्यंत दोनशेवर झुडपांवर काट पडली होती. मामाने एकदाही हात आखडता घेतला नाही.

अगदी कडेला, बोटभर उंचीच्या एका रोपापाशी तो थांबला आणि त्याने वाकून नीट बघितलं.

"हे नाही माझं," तो म्हणाला. "हे आपलं आपण उगवलंय."

तिने ते मोजलं.