बोडक्याच्या माथ्यावर जोडे

यावलच्या केळीबागा संपल्या की सातपुडा उठतो, आणि आमच्या सातपुड्यात बोडक्या उठतो. सारा डोंगर सागाचा, सालईचा. माथा तेवढा नागडा. एकच अखंड दगड, वर गवताची काडी उगवत नाही. खाली नाले दोन. उगवतीचा रुपसिंगच्या पाड्याला लागून जातो, मावळतीचा सुन्या रानातून.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारने तलाव काढला. एकच. कोणत्या नाल्यावर, ते ठरवायला सर्वेवाला साहेब आला. माथ्यावरून बघतो म्हणाला. रुपसिंग पाड्याचा पुजारा. तो वाटेत आडवा झाला.

"जोडा काढा, साहेब. वर देव शे."

"चैत्राचं ऊन आहे बाबा. तळपाय भाजून निघतील माझे."

"मंग वर जाऊ नका."

साहेबाने हुज्जत घातली नाही. सरकारी माणसाला खाली बसायला निमित्तच हवं असतं. पायथ्याच्या दगडावर हातोडी मारली, "बेसाल्ट दिसतो. थेंब मुरायचा नाही, सगळं पाणी घसरून खाली येणार," म्हणाला, दुर्बीण लावली आणि मावळतीच्या नाल्यात झेंडे रोवून मोकळा झाला. खालून तोच नाला रुंद दिसतो. माथ्यावर दगडात एक पन्हळ आहे, सगळं पाणी ती उगवतीला फिरवते. ती खालून कुणाच्या बापाला दिसत नाही.

झेंडे दिसले तसा पाडा रुपसिंगवर तुटून पडला. बायको मोतीबाईने तर रिकामा हंडाच त्याच्या पुढ्यात आदळला.

"देव राखा आन पानी दवाडं! पी आते तुन्हा देव!"

रुपसिंग तडक साहेबाच्या तंबूत गेला. "मन्ही पाठवर बसा. जोडा दगडले लागाले नको."

साहेब हसला. पण फुकटची चढण कोण सोडतो? बसला. धिप्पाड गडी, वर पायांत नाल ठोकलेले जोडे. रुपसिंगचे गुडघे कटकट वाजले, दगडावर तळवे पोळले. माथ्यावर पोचल्यावर साहेबाने त्याच्या पाठीवरूनच पन्हळ पाहिली.

"अरे, खरंच की! पाणी उगवतीलाच जातं."

"मंग झेंडा काढा."

"आता कसले काढतोस? मंजुरी आली, सोमवारी काम सुरू. तेव्हाच बघत होतो ना मी? तूच अडवलंस."

खोटं बोलला असता तर रुपसिंगने त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. त्याने साहेबाला उतरवलं. तिथंच, जोड्यांसकट, देवाच्या दगडावर. आणि चालू लागला.

"अरे ए! मला खाली कोण नेणार?"

रुपसिंग तसाच खाली उतरला. पायथ्याशी मोतीबाई कपाळावर हात धरून वर बघत होती. माथ्यावर जोड्यांसकट उभा साहेब तिला लख्ख दिसला.

"हाई काय करं तू? देव कोपी जाई!"

"कोपू दे," रुपसिंग पोळलेले तळवे धुळीत घाशीत म्हणाला. "तेवढासाठे तरी जागा व्हई."