तळ्यावरची अकरा वर्षं

वशिल्याने लागलेली बाई मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. तळ्याच्या प्रकल्पात भौतिकशास्त्राला तापमान हवं होतं, पर्यावरण विभागाला पक्षी हवे होते, शाश्वत विकास केंद्राला पाणी-समितीपुढे ठेवायला एक ठणठणीत आकडा हवा होता. साहित्य शिकवणाऱ्या माझं तिथं काय काम? पण प्रकल्पाचा प्रमुख माझा नवरा. तो म्हणाला, "जुन्या नोंदवह्यांत शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. आकडे मी बघतो, शेरे तू वाच. नाहीतरी दुसऱ्याच्या ओळींत नाक खुपसायचाच पगार घेतेस."

वह्या होत्या अडतीस, वर्षाला एक, शिवाय एकोणचाळिसावी अर्धवट. शंभर वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या एका खोलीत राहणारा निरीक्षक रोज सकाळी आठला भिंतीवरचा तापमापक वाचायचा, पाण्याची पातळी बघायचा, आलेगेलेले पक्षी लिहायचा. माझ्या नवऱ्याने त्या तापमानाचा आलेख काढला. सत्तावीस वर्षं रेघ सपाट, मग एकदम अर्धा अंश वर, आणि तिथून पुढची अकरा वर्षं हळूहळू आणखी अर्धा. तो नाचायचाच बाकी होता. "इतक्या जुन्या काळातली इतकी स्वच्छ चढण कोणाकडे नाहीये," म्हणाला. निबंध लिहून झाला, नियतकालिकाने स्वीकारला, आणि पंधरा दिवसांत हा माणूस वर्गात समीकरण लिहिता लिहिता खाली बसला तो उठलाच नाही.

मी हे सगळं हाती घेतलं तेव्हा त्याला जाऊन आठ महिने झाले होते. त्याची खोली विभागाने अजून कोणाला दिलेली नाही. मीच जाऊन बसते. खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली आहे, माझे पाय अधांतरी लोंबतात, तरी मी ती खाली केली नाही. निबंधाची शेवटची प्रत तपासून पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या नावाचं छापून येणारं हे शेवटचं. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि माझे शेरे वाचायचे राहिले होते, तेही त्याच्यासाठी म्हणून वाचायला घेतले.

पहिल्या सत्तावीस वह्यांतला गृहस्थ माझ्या चांगला ओळखीचा झाला. शब्दांचा कंजूष. "आकाश स्वच्छ. वारा नाही." संपलं. बायकोबद्दल इतक्या वर्षांत दोनच शेरे. एक, "कुटुंबास अक्षर गिरवण्यास मागील वर्षाची वही दिली." आणि बऱ्याच वर्षांनी, "कुटुंबाचा हात पुरत नाही. दारास खाली दुसरी कडी बसवली." अठ्ठाविसाव्या वहीत अक्षर तेच, ठोकळेबाज आकडे तेच, पण माणूस बदललेला. "वारा नाही"च्या जागी "वारा आला नाही." अहो, हा वाऱ्याची वाट बघत बसणारा कोण? पुढे पाणकोंबडीची पिल्लं मोजलेली, सात, मग सहा, मग "आज पाचच." आधीचा गृहस्थ पिल्लांकडे ढुंकूनही बघत नसे. तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासतेय. दुसऱ्याचा हात कुठून सुरू झाला ते मला लांबूनही कळतं.

मी बगळ्याला बोलावलं. बगळा म्हणजे पर्यावरणाचा प्राध्यापक. लांबलचक पाय, चिखलात तासन्‌तास न हलता उभा, म्हणून त्याचं हे नाव, आणि त्यालाही ते आवडतं. त्याने दोन दिवसांत जुन्या मृत्युनोंदींतून तारीख काढून आणली. निरीक्षक सत्ताविसावं वर्ष संपायच्या आठवड्यात पहाटे वारला होता.

मी त्या तारखेचं पान उघडलं. सकाळी आठ वाजताचं तापमान, पातळी, सगळं जागच्या जागी, त्याच्याच अक्षरात. शेरा: "शांत आहे."

बगळा माझ्या खांद्यावरून वाचत होता, तो दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, हा तर पहाटेच गेला होता ना?"

"तो गेला होता. ती होती ना," मी म्हटलं.

खोली नोकरीबरोबर मिळालेली. माणूस गेला असं कळवलं असतं तर बाईला त्याच आठवड्यात गाठोडं बांधावं लागलं असतं. तिने कळवलंच नाही. मृत्यूची नोंद झाली एका कचेरीत, पगार निघायचा दुसऱ्या कचेरीतून. एका कचेरीचं दुसरीला कधी कळलंय? नवऱ्याच्या वह्या गिरवून लिहायला शिकलेली ती, तिला स्वतःचं वेगळं अक्षर नव्हतंच. प्रेत घरात असताना ती आठच्या ठोक्याला बाहेर गेली आणि तापमान वाचून आली. तेव्हापासून अकरा वर्षं ती त्याच्याच हाताने लिहीत राहिली. मला तिचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! निबंधात तिच्यासाठी एक तळटीप घालायची, असं मी ठरवलंसुद्धा.

तो आनंद चार दिवस टिकला.

बगळ्याने मला तळ्यावर नेलं. खोली अजून उभी आहे. दाराला दोन कड्या आहेत, खालची माझ्या नाकासमोर येते, वरची डोक्याच्याही वर. बाहेरच्या भिंतीवर, वरच्या कडीच्या पातळीला, तापमापकाची लाकडी पेटी. बगळ्याने आमच्या भांडारातून तशाच बनावटीचा एक शोधून आणला होता आणि त्याच खिळ्याला टांगला होता. काचेची नळी पुढे, आकड्यांची पट्टी तिच्या जराशी मागे.

"चोवीस," बगळ्याने वाचलं.

मी मान वर केली. "साडेचोवीस."

"चोवीस आहे, मॅडम."

"माझे डोळे गेलेले नाहीत अजून. साडेचोवीस म्हणजे साडेचोवीस!"

मग मी एकदम त्याच्या डोळ्यांची उंची बघितली आणि माझी. खालून वर बघितलं की पाऱ्याचं टोक मागच्या पट्टीवर आहे त्यापेक्षा वरच्या रेघेला टेकलेलं दिसतं. शाळेतल्या पोरांना शिकवतात ही गोष्ट. स्वयंपाकघरात मी मापाने दूध मोजायला लागले की माझा नवरा पाठीमागून ओरडायचा, "डोळा रेषेत आण, डोळा!" मी तिथंच कमरेत वाकले, म्हातारी वाकते तशी, आणि वाकूनच मान वर केली.

पंचवीस.

तळं तापलंच नव्हतं. आधी एक बुटकी बाई आली, आणि मग ती वाकत गेली, दरवर्षी थोडी थोडी. माझ्या नवऱ्याने जो आलेख काढला होता तो तिच्या पाठीचा होता. एवढा हुशार माणूस इतक्या साध्या गोष्टीत कसा फसला? तर त्याची उंची सहा फूट दोन इंच. त्याला जन्मात कशाकडे मान वर करून बघावं लागलं नाही. वरच्या फळीवरचे डबे तो काढून द्यायचा आणि मी ते मागायची. खाली उभं राहून जग कसं दिसतं हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नसणार.

शाश्वत विकास केंद्राच्या प्रमुखांना मी जाऊन सांगितलं. निवृत्तीचं वय उलटलं तरी खुर्ची सोडत नाहीत म्हणून आम्ही त्यांना शाश्वतराव म्हणतो. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"वहिनी, हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, बगळ्याला आणि आता तुम्हाला."

"मग इथंच राहू दे. समितीची बैठक महिन्यावर आलीय, ते सोडा. पण गेलेल्या माणसाचं शेवटचं काम आहे हो. त्याला आता उत्तरही देता येणार नाही. तुम्हीच कशाला उकरून काढता?"

त्यांचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते, दोघांची पंचवीस वर्षांची दोस्ती. मला त्यांचा रागही धड करता येईना. मी त्याच्या खोलीत आले, दार लावलं आणि त्या उंच खुर्चीत बसून त्यालाच फैलावर घेतलं, मोठमोठ्याने. "एकदा मला विचारता आलं नाही तुला? शेजारीच झोपत होते ना मी, पाच फुटांची? एकदा म्हणाला असतास, ये गं, वाचून दाखव!" बाहेर कारकून टकटक करायला आला होता, तो तसाच परत गेला. मग मी पोटभर रडले.

रडून झाल्यावर ती अर्धवट वही ओढली. अपुरं वर्ष म्हणून नवऱ्याने ती आलेखात घेतलीच नव्हती. बगळ्याने शहरातल्या वेधशाळेच्या जुन्या आकड्यांशी बाईच्या सगळ्या वह्या, हीसुद्धा, ताडून पाहिल्या आणि संध्याकाळी घरी आला. चहाला नको म्हणाला, म्हणजे काहीतरी बिनसलेलं होतं.

"मॅडम, अकरा वर्षं बाईचे आकडे जास्त येतायत. आणि शेवटचे एक्केचाळीस दिवस फरक शून्य. एकदम. जणू पहिला निरीक्षकच वाचतोय."

मी त्यातल्या पहिल्या दिवसाचा शेरा काढला. "मान वर करावी लागली नाही." त्यापुढे चाळीस दिवस एकच शब्द, "तसेच." मग कोरी पानं.

"स्टूल आणलं असेल," बगळा म्हणाला.

"कमरेतून वाकलेली बाई रोज सकाळी स्टुलावर चढेल?"

"मग काय झालं असेल?"

"मला काय विचारतोस? शास्त्रज्ञ तू."

तो हसला नाही. मीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहिलं. चढण खोटी आहे, वाचणारी व्यक्ती बदलली होती, पुरावे सोबत जोडले आहेत. तिने सकाळी आठची वेळ एक दिवस चुकवली नव्हती, नवरा मेला त्या दिवशीसुद्धा. तिला त्याच्या नावाखाली पुन्हा गाडायचं, ते केवळ माझ्या नवऱ्याचं नाव छापून यावं म्हणून? माझ्याने ते होईना. निबंध मागे घेतला गेला. पक्षी यायच्या तारखांना उंची लागत नाही, तेव्हा तेवढा भाग बगळा नव्याने लिहितोय. त्यात लेखकांच्या यादीत "निरीक्षकाची पत्नी" असं लिहावं लागलं, कारण तिचं नाव कुठल्याच कागदावर सापडलं नाही. शाश्वतराव माझ्याशी बोलायचे बंद झाले. विभागाच्या फलकावरून निबंधाची ओळ काढली तेव्हा मी तिथं उभी होते. नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं, आणि या खेपेला खांदा मीच दिला होता.

आता दर सोमवारी सकाळी आठला बगळा आणि मी तळ्यावर जाऊन तो तापमापक वाचतो. मी नव्या वहीत एक जास्तीचा रकाना आखलाय: वाचणाऱ्याची उंची. दर खेपेला त्याच्यापेक्षा माझा आकडा अर्ध्या अंशाने जास्त, दर खेपेला. बगळा म्हणतो, "तुम्ही घड्याळापेक्षा पक्क्या आहात."

मागचा सोमवार. नवऱ्याला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं, पण बगळ्याला मी ते सांगितलं नव्हतं. तो पाण्याच्या कडेला पाणकोंबड्या मोजत होता. मी वाचलं, लिहिलं आणि वही पायरीवर ठेवली. तो आला, त्याने वाचलं आणि लिहायला वही उचलली.

"स्टूल आणलंत वाटतं आज?"

"नाही रे. कशाला?"

"तुम्ही एकवीस लिहिलंय. मलाही एकवीसच दिसतंय." त्याने आजूबाजूला पाहिलं. भिंतीखाली नुसतं ओलं गवत होतं, त्यात माझ्या टाचांचे दोन ठसे. "नीट वाचलं होतं ना, मॅडम?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी सरळ समोर बघून वाचलं होतं. पारा माझ्या डोळ्यांच्या रेषेत होता, सहा फूट दोन इंचांच्या माणसाला असावा तसा.

मी त्याच्या हातातून वही घेतली. उंचीच्या रकान्यात सवयीने पाच फूट लिहिलं होतं, ते खोडलं आणि ती जागा तशीच मोकळी सोडली. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "मान वर करावी लागली नाही."