जडवस्तू क्रमांक ११४ची घरघर

‘शनिवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९७८ रोजीच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांसमक्ष झालेला कर्कश आवाज हा हंगामी निदेशक श्री. सहदेव यांनी तयार केलेल्या अप्रमाणित, घरगुती उपकरणाच्या सदोष बनावटीचा परिणाम होय.’

जळगाव जामोद येथील एका तंत्रशाळेच्या चौकशी समितीने आपल्या अहवालाच्या चौथ्या परिच्छेदात हे विधान केले आहे. त्यातील तारीख खरी आहे. आवाज झाला हेही खरे, आणि पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते यालाही साक्षीदार आहेत. उरलेला भाग तपासावा लागतो. कारण सहदेवाची नोकरी त्याच भागाला टांगलेली होती. रेडिओ विभागात तो सात वर्षे हंगामी होता. मार्चमध्ये त्याला कायम करण्याची शिफारस व्हायची होती, आणि ती मुख्याध्यापक जानराव करणार होते. समितीचे अध्यक्षही तेच.

उपकरण म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. शिवणवर्गाच्या शिक्षिका सिंधूताई विजेवरची हवाईयन गिटार वाजवीत. त्या गिटारसाठी सहदेवाने तो तयार केला होता. आत एक चिमुकला दिवा आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक तुकडा. तार जितक्या जोराने छेडावी तितका दिवा उजळे, आणि जितका उजेड पडे तितका सूर उघडत जाई, जणू गिटार तोंड उघडून बोलते आहे. मंगळवारी कार्यशाळेत सर्वांनी तो ऐकला. कुठेही घरघर नव्हती. सदोष बनावटीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या मंगळवाराचा उल्लेख केलेला नाही.

गुरुवारचाही नाही. शाळेच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर पितळी पाटी असावी व ती दोन रिबिटांनी ठोकावी, असा नियम आहे. तपासणी जवळ आली होती. लिपिक दयाराम यांनी डब्याची जडवस्तू नोंदवहीत क्रमांक ११४ म्हणून नोंद केली आणि झाकण व डबा यांच्या सांध्यावरच पाटी बसवली. दोन छिद्रे पाडली. रिबिट एकच शिल्लक होते. एक छिद्र उघडे राहिले.

शनिवारी रंगमंचावर डब्याने घरघर सुरू केली, ती सिंधूताईंनी गिटार खाली ठेवून जोडणी काढेपर्यंत.

सोमवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी भरली. सचिव व इतिवृत्तलेखक म्हणून दयाराम यांची नेमणूक झाली होती. छिद्र पाडणाऱ्यानेच चौकशी लिहून घ्यावी यात कुणालाही वावगे वाटले नाही. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते. सहदेवाने डबा आणि अँप्लिफायर जोडले. सिंधूताईंनी तार छेडली. सूर निर्मळ निघाला.

“आज डबा घरघरत नाही,” जानराव म्हणाले. “म्हणजे तुम्ही मधल्या काळात काहीतरी केलंत.”

“हातच नाही लावला, सर. कपाटाची किल्ली तुमच्याजवळच होती.”

“मग शनिवारी वाजला तो कोण?”

“डबाच वाजला, सर.”

“पाहा. कबूल करताय.”

“सर, गाय दूध देते हे म्यां कबूल केलं तं चोरी झाली काय?” सिंधूताई म्हणाल्या. दयाराम यांनी हे वाक्य लिहून घेतले आणि मग खोडले.

सहदेवाने विजेची जोडणी काढून बॅटरी लावली. शांतता. गिटारची तार बदलली. शांतता. प्रत्येक शांततेगणिक जानरावांचा संशय बळावत गेला. आवाज न येणे हा या चौकशीतला सर्वांत गंभीर पुरावा ठरत होता. अखेर ऊन उतरले, आणि त्यांनी अहवालाचा मसुदा वाचून दाखवण्यासाठी टेबलाच्या वर टांगलेली ट्यूब लावायला सांगितली.

दयाराम यांनी बटण दाबले. ट्यूब दोनदा लुकलुकली, पेटली. आणि डबा घरघरू लागला.

सहदेवाने डब्याकडे पाहिले नाही. त्याने वर ट्यूबकडे पाहिले. तो जराही चकित झाला नव्हता, हे सिंधूताईंच्या तेव्हाच ध्यानात आले.

“ताई, या भोकावर जरा बोट ठेवा.”

“काऊन? शॉक देते काय?”

“नाही देत.”

त्यांनी बोट ठेवले. घरघर थांबली. उचलले, सुरू झाली. त्यांनी चार वेळा तसे केले, चौथ्यांदा केवळ हौसेने.

“ट्यूब शेकंदाले शंभर खेपा मिचकते,” सहदेव म्हणाला. “आपल्याले दिसत नाही. आतल्या तुकड्याले दिसते. उन्हाचं तसं नाही. स्टेजवर सहा ट्यूबा होत्या.”

“बटण दाबलं म्यां, भोक पाडलं म्यां,” दयाराम लेखणी थांबवून म्हणाले. “आता हे लिहू कुठं?”

“लिहायचं नाही,” जानराव म्हणाले. “छिद्र नियमानं पाडलेलं आहे. नियमानं केलेली गोष्ट दोष कशी ठरेल? शासकीय क्रमांक ज्या वस्तूला सोसत नाही, ती वस्तूच सदोष.”

हा युक्तिवाद अहवालाच्या पाचव्या परिच्छेदात जसाच्या तसा आहे. त्याचे खंडन करण्याची आवश्यकता नाही. तो सही-शिक्क्यासह उभा आहे, एवढे पुरे.

परंतु जानराव मूर्ख नव्हते. सिंधूताईंनी जे पाहिले ते त्यांनीही पाहिले होते.

“सहदेव, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?”

डबा तेवढा बोलत होता. सिंधूताईंनी पुन्हा त्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “नाही म्हन नं, भाऊ.”

सहदेव नाही म्हणाला नाही.

त्या महिन्याअखेर त्याची हंगामी नेमणूक संपवण्यात आली. डबा शाळेतच राहिला. क्रमांक असलेली वस्तू बाहेर नेता येत नाही. चौथ्या परिच्छेदाला आधार म्हणून परिशिष्टात ‘आरोपीचा कबुलीजबाब’ जोडला आहे. दयाराम यांच्या वळणदार अक्षरात, एकही शब्द न खोडता, तो असा:

“भोक मले गुरुवारीच दिसलं होतं. उजेड आत जाईल अन् डबा वाजंल, हेही समजलं होतं. आतून बुजवायचं तं झाकण उघडा लागे, म्हंजे पाटी उखडा लागे. बाहेरून पट्टी लावतो तं नंबर झाकला जाये. सात वर्षांत माह्या हातच्या वस्तूले शाळेनं पहिल्यांदा नंबर देला होता. तो मले झाकायचा नव्हता.”