मला वगळून उठलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना, वायरवाला माउस आहे आणि मला कीबोर्डचा हेवा वाटतो. आत्मवृत्तात जन्माची हकिगत आधी सांगायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म साच्यातला. माझ्यासारखेच आणखी शेकडो त्याच दुपारी जन्मले आणि शेजारच्याचं चाक आपल्यापेक्षा गुळगुळीत आहे, असं तेव्हाच प्रत्येकाला वाटू लागलं. म्हणजे हेवा मी इथे येऊन शिकलो नाही. तो आमच्यात प्लास्टिकबरोबरच ओततात.

माझ्या मालकीणबाई घरांचे नकाशे काढतात. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा, पडद्यासमोर कीबोर्ड, आणि उजवीकडे, चहाच्या कपाला जागा देऊन उरलेल्या भागात, मी. भिंती, दारं, जिने, मोऱ्या, सगळ्या रेषा माझ्या. कीबोर्डचं काम काय, तर रेषा ओढून झाली की तिच्यावर ‘स्वयंपाकघर’ असं लिहायचं. तरी धूळ बसू नये म्हणून बाईंनी शिवलेलं आवरण आहे, ते त्याला. अक्षर चुकलं तर त्या म्हणतात, “माझं लक्ष नव्हतं.” रेषा वाकडी गेली तर म्हणतात, “हा माउस म्हणजे ना.” एकदा एका गिऱ्हाइकाने गोल जिन्याचं फार कौतुक केलं. मी कान टवकारले. बाई म्हणाल्या, “हात बसलाय आता.” हात! त्या हाताखाली कोण होतं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

असं चाललं होतं. मग संगणक मंदावला.

बाईंच्या धाकट्या दिरांना संगणकातलं कळतं. म्हणजे घरात तसं मानतात. दुपारी मिस्त्री जिन्याचा नकाशा न्यायला येणार होता, म्हणून सकाळीच दिरांना बोलावणं गेलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यावर हात ठेवून जाहीर केलं, “वहिनी, संगणक नुसता तपासणीपुरता सुरू करू. म्हणजे अत्यावश्यक तेवढेच उठतील, बाकीचे झोपून राहतील. कोण त्रास देतंय ते लगेच कळेल.”

मी निश्चिंत होतो. अत्यावश्यकांत मी नसेन तर कोण असणार? तो पर्याय निवडला तोही माझ्याच डाव्या बटणाने.

संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडदा उजळला. कीबोर्डचा दिवा लागला. माझ्या पोटातला लाल दिवा काही लागेना.

मित्रांनो, कारण साधं होतं. कीबोर्ड जुन्या गोल पिनेचा, त्याला संगणक घरच्यासारखा ओळखतो. मी चपट्या पिनेचा. माझी ओळख पटवून देणारी एक सेवा आत असते आणि बिनगरजेची म्हणून दिरांनी तिलाच झोपवलं होतं. म्हणजे मी धडधाकट होतो, फक्त मला ओळखणारं कुणी जागं नव्हतं. पण हे सांगणार कसं?

दिरांनी मला उलटं केलं, फुंकर मारली, टेबलावर दोनदा आपटलं, वायर काढून दुसरीकडे खोचली.

“वहिनी, हा गेला.”

“अहो, काल संध्याकाळपर्यंत चांगला चालत होता.”

“माणसंही जातात की अशीच.”

बाईंनी मला उचललं आणि कोपऱ्यातल्या खोक्यात ठेवलं. तिथे जळके दिवे आणि मेलेले चार्जर होते. भंगारवाला येईपर्यंतचा घरातला मुक्काम तो. दीर खालच्या दुकानातून नवा माउस घेऊन आले. बिनवायरचा, काळा, तुकतुकीत. शेपटी नाही आणि तरी स्वतःला माउस म्हणवतो.

तोही चालेना. खरं सांगतो, चार्जरांच्या गर्दीतही मला बरं वाटलं.

“दुकानदाराने फसवलं,” दीर म्हणाले.

“दोघं एकाच सकाळी गेले? माउसांची साथ आलीय का गावात?” बाईंनी चष्मा वर सरकवला. “भाऊजी, तुम्ही सकाळी बंद काय काय केलंत?”

“फारसं काही नाही. गरजेचं सोडून सगळं.”

“मग माउस बिनगरजेचा होता?”

दिरांनी नव्या माउसची बॅटरी काढून पुन्हा बसवली.

“होतं तसं करा परत.”

“करतो की. फक्त त्याला माउस लागेल.”

बाईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून छोटी चौकट उघडली, तिच्यात सकाळच्या त्या पर्यायांच्या यादीचं नाव, msconfig, लिहून एंटर दाबलं, टॅबने आणि बाणांच्या कळांनी सरकत सरकत ‘नॉर्मल स्टार्टअप’वर, म्हणजे सगळ्यांना उठवणाऱ्या पर्यायावर, पोचल्या, पुन्हा एंटर, आणि संगणक नव्याने सुरू केला. एका रेषेचंही काम न करणाऱ्याने माझा जीव वाचवला. ज्याच्यावर जळायचं त्याच्याच उपकारात राहणं काय असतं, ते मला विचारा.

नवा लगेच चालू लागला. मग बाईंनी मलाही खोक्यातून काढून जोडलं. माझा दिवा लागला.

“आता नवाच ठेवा, वहिनी. सुटसुटीत आहे.”

बाईंनी त्याच्याने जिन्याच्या चार पायऱ्या काढल्या. मी बाजूला पडून पाहत होतो. पायऱ्या सरळ आल्या, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

“जुना मेला म्हणून हा आणला ना?” त्या म्हणाल्या. “जुना मेला नाही. परत करून या.”

त्यांच्या तोंडून मायेचा एखादा शब्द येईल अशी आशा होती. पण नकाशे काढणारी माणसं हिशेबाने प्रेम करतात. बाकीच्या पायऱ्या माझ्या. मिस्त्री नकाशा घेऊन गेला.

तेव्हा मित्रांनो, यंत्र गप्प झालं की त्याला आपटू नका. कालपासून आपण काय बदललं ते आधी आठवा, आणि खोक्यात टाकायची घाई करू नका. आम्हाला अधूनमधून पुसत जा. पुसताना कीबोर्डवर आणि माझ्यावर फडकं सारखंच फिरवा. त्याच्या कळांत फटी जास्त असतात, हे मला मान्य आहे. तरीही सारखंच.